भिंतीकडची जागा

माझा मुलगा स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर जातो. लोकांनी निवडून दिलेला माणूस, संसदेत बसणारा, डोक्यावरचे केस पांढरे झालेला. आणि रोज सकाळी ओट्याशेजारून, केराच्या डब्याला वळसा घालून, अंग चोरून मागच्या गल्लीत उतरतो. गाडीसुद्धा त्याने तिकडेच लावायला सांगितली आहे. त्या गल्लीत गाडी वळत नाही, म्हणून ड्रायव्हरला ती उलटी आणावी लागते. समोरच्या घरातली माणसं खिडकीतून बघतात, जसा काही हा आमच्याच घरात चोरी करून निघालाय.

पहिल्या दिवशी मी काही बोलले नाही. म्हटलं, घाई असेल. दुसऱ्या दिवशी म्हटलं, पोट बिघडलं असेल, लोकांपुढे थांबायला नको वाटत असेल. पण परदेश दौऱ्यावरून आल्यापासून तो रोजच असं करतोय हे लक्षात आल्यावर माझं डोकं तापलं. कारण पुढच्या दारात माणसं बसलेली असतात.

आमच्या घरात शिरल्याबरोबर एक लांबट खोली लागते. तिच्यात एक लांब लाकडी बाक आहे, त्याचं एक टोक कोपऱ्यातल्या भिंतीला भिडलेलं. माझे यजमान गोदीत मुकादम होते. कामगारांची गाऱ्हाणी ऐकायला त्यांनी तो आणला. त्या बाकाचा एकच नियम. बसलेल्या माणसाला आत बोलावल्याशिवाय परत पाठवायचं नाही. काम होवो न होवो, बोलावणं झालंच पाहिजे. मुलाने तीच रीत पुढे चालवली आणि तिच्या जोरावर तो पुन्हा पुन्हा निवडून आला. त्याची भाषणं काही एवढी चांगली नसतात.

सध्या तो संसदेच्या एका समितीचा अध्यक्ष आहे. सरकार बाहेरच्या देशांशी कसं वागतं, गरीब देशांना मदत म्हणून काय देतं, आणि दिलेलं खरोखर पोचतं का, हे ती समिती तपासते. मंत्र्यांना, अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारते, साक्षी घेते आणि मग अहवाल लिहून सभागृहात ठेवते. त्याने हे मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे सासूचं काम. पाहुण्याला वाढलं असं सून सांगते, पण पाहुण्याच्या ताटात पडलं का, ते जाऊन बघायचं." तो खूप हसला. समितीतही सांगितलं म्हणे त्याने, आणि विरोधी पक्षाचेसुद्धा हसले. माझी सून तेवढी हसली नाही.

तर हा असा दुसऱ्याच्या ताटात डोकावणारा माणूस स्वतःच्या दारात बसलेल्यांना चुकवून पळत होता. बाकावरची माणसं दुपारपर्यंत ताटकळायची. मग होयबा बाहेर येऊन सांगायचा, "साहेब निघाले." होयबा म्हणजे त्याचा स्वीय सहायक. त्याला चांगलं नाव आहे, पण साहेबांचं वाक्य संपायच्या आत मान हलवतो म्हणून मी त्याला होयबाच म्हणते. "कुठून निघाले?" असं लोक विचारायचे. होयबा छताकडे बघायचा.

त्याच सुमाराला मला आणखी एक गोष्ट दिसायला लागली. बाक कितीही भरलेला असला तरी भिंतीकडच्या टोकाची जागा रिकामी राहायची. माणसं दाटीवाटीने बसत, एकमेकांच्या कोपरांना कोपरं लागत, उरलेली उभी राहत, पण तिथे कोणी बसत नसे. एकदा एक जाडजूड ठेकेदार उभा होता. त्याच्या गुडघ्यांची रडगाणी साऱ्या वस्तीला पाठ आहेत. मी म्हटलं, "अहो, बसा की. जागा आहे ना तिथे."

त्याने त्या जागेकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. "असू द्या, आजी. बसून बसूनच वजन वाढलंय."

आणि तिथे वास यायचा. घाण नाही. कोऱ्या कापडाचा वास. पुडक्यातून नुकतं काढलेलं, खळ न गेलेलं कापड असतं ना, तसा. मी सुनेला विचारलं, नव्या चादरी आणल्यास का. ती म्हणाली, "नाही हो, आई. मला तर कसलाच वास येत नाही." तिला तसा जळलेल्या दुधाचाही येत नाही, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

एके सकाळी मी मागच्या दारातच स्टूल टाकलं आणि शेंगा सोलत बसले. हा आला. हातात बॅग, पायात मोजे, बूट दुसऱ्या हातात.

"आई, ऊठ जरा. उशीर होतोय."

"पुढून जा."

"मीटिंग आहे माझी."

"पुढच्या दाराने गेलं की मीटिंग सापडत नाही का?"

सून मध्ये पडली. "आई, जाऊ द्या ना त्यांना. किती ताण आहे."

"ताण आहे तर पुढच्या दाराने नेऊ दे. ते दार रुंद आहे."

तो हसेल असं मला वाटलं होतं. लहानपणापासून माझ्या बोलण्यावर हसतो तो, रागावलेला असला तरी. पण हसला नाही. त्याने सुनेला खुणेने आत पाठवलं, बूट खाली ठेवले आणि हळूच विचारलं, "आई, बाकावर आत्ता कोण कोण बसलंय?"

"पेन्शन अडकलेला तो मास्तर. दोन फेरीवाल्या. आणि एक कॉलेजचा पोरगा, त्याला दाखला हवाय."

"आणि भिंतीकडे?"

"भिंतीकडे कोणी नाही."

त्याने पाणी ओतून घेतलं. ग्लास ओठाशी नेला आणि न पिता खाली ठेवला. "नक्की?"

मग मला कळलं की ही घाई नाही आणि पोटही नाही. माझा मुलगा घाबरलेला होता. दंगलीत गाडीवर दगड पडले तेव्हा न घाबरलेला माणूस.

"कोण दिसतं तुला तिथे?" मी विचारलं.

त्याने सांगितलं, पण भिंतीला सांगावं तसं. समिती एका दूरच्या देशात गेली होती. आपल्या सरकारने तिथे बाळंतिणींसाठी एक हॉस्पिटल बांधून दिलंय, आपल्या मदतीतलं सगळ्यात मोठं काम. ते नीट चालतंय का, हे बघायला हे गेले. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खाटा, प्रत्येक खाटेवर बाई, बाईशेजारी मूल. चादरी इतक्या नव्या की घड्यांचे चौकोन उमटलेले. याला कौतुक वाटलं, की आपण येणार म्हणून नव्या घातल्या. हार झाले, गाणं झालं, फोटो झाले. गाड्या निघाल्या. थोडं पुढे गेल्यावर याच्या लक्षात आलं, चष्मा तिथल्या टेबलावर राहिला. नेहमीचंच. गाडी वळवली.

"हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला एक ट्रक उभा होता, आई. उघडा, सामानाचा. त्यात बायकांना चढवत होते. त्याच बायकांना. पोरांसकट. एक अगदी कडेला होती, फळीला टेकून. खांद्यावर ती चादर घेतलेली, चौकोनांची. तिने माझ्याकडे बघितलं."

"मग?"

"अधिकारी धावत आला. म्हणाला, फवारणी आहे, तात्पुरतं हलवतोय."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, बरं."

"मग?"

"चष्मा घेतला. विमानाची वेळ झाली होती."

देखल्या देवा दंडवत म्हणतात ते हेच. पण ते मी बोलले नाही, कारण त्याचा चेहरा बोलण्यासारखा नव्हता. मी एवढंच विचारलं, "ती काय मागते?"

"काही नाही. नुसती बसते. बोलावतील म्हणून लोक बसतात ना, तशी."

"जिवंत बाई तिकडे तिच्या घरी असेल. इथे येऊन कशाला बसेल?"

यावर तो गप्प झाला. मी शेंगा बाजूला ठेवल्या. आईला गप्प बसण्यातला फरक कळतो. एक गप्प बसणं ठाऊक नसण्याचं असतं आणि एक ठाऊक असण्याचं.

"तिकडे काम करणारी आपली एक नर्स आहे," तो शेवटी म्हणाला. "ती साक्ष द्यायला आली होती. काय सांगणार आहे, ते आधी कळवावं लागतं. तिने कळवलं होतं. त्यात त्या बाईचा मृत्यू होता."

"मग काय सांगितलं तिने समितीला?"

"काही नाही. मी तिला बोलावलं नाही."

"समितीपुढे कुणाला बोलवायचं, ते कोण ठरवतं?"

"अध्यक्ष."

"म्हणजे तू."

"म्हणजे मी."

"आणि ती कुठे होती तेव्हा?"

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. "बाहेर. तिथे एक बाक आहे."

मी उठले आणि दार मोकळं केलं. तो बूट घालून गेला. मला आणखी काही विचारायचं नव्हतं.

मी भुताखेतांना मानत नाही. माझे यजमान म्हणायचे, मेलेल्यांना एवढा रिकामा वेळ नसतो. पण सगळी माणसं गेल्यावर दुपारी मी त्या खोलीत गेले. बाक पूर्ण रिकामा होता. ऊन फरशीवर पडलं होतं. कोऱ्या कापडाचा वास होता. मी म्हटलं, बसूनच बघते, म्हणजे सोक्षमोक्ष होईल. भिंतीकडच्या टोकाला गेले, पाठ वळवली, गुडघे वाकवले. आणि मला लाज वाटली. भीती नाही, लाज. आंधळेपणाने कुणाच्या तरी मांडीवर बसायला जावं आणि ऐन वेळी लक्षात यावं, तशी. मी सरळ झाले. तोंडातून आपोआप "माफ कर गं" असं गेलं.

दुसऱ्या दिवशी मी होयबाला पकडलं. "त्या नर्सला फोन लाव. म्हणावं, साहेबांच्या आईने बोलावलंय."

होयबाची मान आयुष्यात पहिल्यांदा आडवी हलली. "काकू, साहेबांना विचारल्याशिवाय..."

"साहेबांना मी जन्म दिला, तेव्हा त्यांना विचारलं नव्हतं. लाव."

ती दोन दिवसांनी आली, भर दुपारी. चाळिशीची असेल. उन्हाने रापलेली, नखं अगदी बारीक कापलेली. होयबाने तिला बाकाकडे बोट दाखवलं. बाकावर दुसरं कोणी नव्हतं. कुठेही बसली असती. ती जाऊन भिंतीच्या बाजूला बसली, पण टोकाची जागा सोडून. आणि पिशवी तिने त्या जागेवर ठेवली नाही, स्वतःच्या मांडीवर घेतली. आगगाडीत शेजारी कोणी असलं की घेतो तशी.

मी पाणी आणलं. ती प्यायली. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"मावशी, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" ती म्हणाली.

"मला त्रास झेपतो. सांग तू."

तिने सांगितलं, ते काही फार लांब नव्हतं. नवं हॉस्पिटल बांधून झालं, पण त्याला पाणीच आलं नाही. नळ होते, पाणी नव्हतं. म्हणून ते कधी उघडलंच नाही. बाळंतपणं व्हायची ती जुन्याच जागी, पत्र्याखाली, पण तिथे विहीर होती, आणि ही नर्स होती. समिती येणार असं कळल्यावर तिकडच्या अधिकाऱ्यांनी ठरवलं की नवीन खाटा रिकाम्या दिसायला नकोत. सकाळी ट्रक आला. जुन्या जागेतल्या सगळ्या बायका उचलून नेल्या. फोटो झाल्यावर तशाच परत. रस्ता म्हणजे नुसते खड्डे.

"ती पहाटेच मोकळी झाली होती," नर्स म्हणाली. "मी सांगत होते, हिला हलवू नका. हिला राहू द्या. तर ते म्हणाले, एक खाट मोकळी दिसेल. जाताना ठीक होती ती. येताना अंगावरून जायला लागलं. ट्रकमध्ये मी एकटी. काय करणार? नुसती ती चादर होती हाताशी. नवी चादर पाणीसुद्धा शोषत नाही, मावशी. तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत होतं.

"मूल?"

"मूल आहे. तिच्या आईकडे."

खोलीत वास इतका दाटला की मला खिडकी उघडावीशी वाटली. नर्सने नाकाशी हात नेला नाही. पण ती जराशी सरकली, शेजारी बसलेल्या माणसाला जागा करून द्यावी तशी, आणि मग म्हणाली, "मी हे कुणालाही सांगितलं तर ती तक्रार होते. खात्याची नोकर तक्रार करते म्हणून मला काढतील, आणि कागद बंद होईल. समितीने मला बोलावून विचारलं तर ती साक्ष होते. साक्ष कुणाला पुसता येत नाही. नोकरी तरीही जाईल, ते मी धरूनच आलेय. फक्त त्यांनी मला विचारायला हवं."

"विचारेल तो," मी म्हणाले. माझ्या मुलाचा मला तेवढा गर्व होता.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मी नर्सला त्याच्या खोलीत नेऊन समोर बसवलं. होयबाला बाहेर काढलं. मी मात्र हलले नाही.

त्याने तिचं सगळं ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. चांगला ऐकतो तो, हे बाकाने त्याला शिकवलंय. मग म्हणाला, "तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय सांगताय ते? ती आमच्यासाठी हलवली गेली. आम्ही गेलो नसतो तर ती जुन्या जागी पडून राहिली असती. जिवंत. हे लिहायचं म्हणजे समितीने स्वतःविरुद्ध लिहायचं."

"हो, साहेब," नर्स म्हणाली.

"आमचा अहवाल एकमताचा असतो. प्रथाच आहे ती. सगळे पक्ष एका सुरात बोलतात, म्हणून सरकार ऐकतं. आता सगळ्यांना कसं सांगू, की आपल्या बघण्यानेच..."

"तोंडाने सांग," मी म्हणाले.

"आई, एवढं सोपं नाही. परराष्ट्रमंत्री स्वतः भेटून गेलेत. त्या देशाशी करार तोंडावर आहे." तो थांबला. "आणि मंत्रिमंडळात बदल व्हायचेत."

"हां. म्हणजे घोडं इथे पेंड खातंय."

तो ओशाळला. नर्सने मान खाली घातली. आमच्या घरातली लाज तिने बघितली म्हणून मला तिचा क्षणभर रागसुद्धा आला. मग त्याने दाराकडे बघितलं, दारापलीकडच्या खोलीकडे, आणि त्याचा आवाजच बदलला. "सोमवारी अहवाल सभागृहात ठेवायचाय. त्याच दिवशी सकाळी समितीची बैठक लावतो. तुम्ही या. मी तुम्हाला बोलावीन, आणि जे विचारायचं ते विचारीन."

"बोलवाल ना?" नर्सने विचारलं.

"शब्द देतो."

त्या रविवारी ठेकेदार बाकावर बसला. भिंतीकडे नाही, पण त्या जागेच्या अगदी शेजारी. वासही कमी झाला होता. मी मनात म्हटलं, ऐकलं वाटतं तिने.

सोमवारी मी टीव्हीसमोर बसले. संसदेचं कामकाज दाखवतात त्या वाहिनीवर. कोणी बघत नाही ती, पण मी बघते. पेंगणारे लोक बघायला मला आवडतात. नर्सने तिकडून पहिला फोन केला. "मावशी, आलेय. बैठक सुरू झालीय. दार बंद आहे."

"बसलीस का?"

"बसलेय. बाकावर."

थोड्या वेळाने दुसरा. "आतून हसण्याचा आवाज येतोय. चांगलं आहे ना ते?"

मी म्हटलं, चांगलं आहे. मग बराच वेळ काही नाही. सून येऊन माझ्या शेजारी बसली. तिने चांगले कपडे घातले होते, जसं काही टीव्हीतून तीही दिसणार होती. टीव्हीत सभागृहात कसल्याशा रस्त्यांबद्दल बोलणं चाललं होतं. ते संपलं आणि सभागृहाच्या अध्यक्षांनी माझ्या मुलाचं नाव पुकारलं. तो उभा राहिला. त्याच क्षणी फोन वाजला.

"मावशी," नर्स म्हणाली, "बैठक संपली वाटतं. सगळे दुसऱ्या दाराने गेले. शिपाई आतले दिवे घालवतोय. मी थांबू का?"

टीव्हीत माझा मुलगा अहवाल हातात धरून बोलत होता. काय सुंदर बोलत होता. हॉस्पिटल ही दोन देशांच्या मैत्रीची खूण आहे म्हणाला. समितीने स्वतः जाऊन पाहिलं म्हणाला. मग चष्मा वर सरकवला आणि एक वाक्य हळू वाचलं, तेवढं एकच. सदस्यांच्या भेटीच्या वेळी रुग्णांची ने-आण करताना संबंधित यंत्रणांनी पुरेशी काळजी घ्यावी, अशी समिती एकमताने शिफारस करते. सगळ्यांनी बाकं वाजवली. दोन्ही बाजूंच्या लोकांनी.

"मावशी, ऐकताय ना?"

"ऐकतेय गं," मी म्हटलं. "तू नको थांबूस आता. घरी जा."

थोडा वेळ फोनमध्ये नुसता झाडूचा आवाज येत होता. मग तोही बंद झाला. सून म्हणाली, "छान बोलले ना?" मी टीव्ही बंद केला.

तो उजेड होता तेव्हाच घरी आला, आणि पुढच्या दाराने आला. किती दिवसांनी. मी पुढच्याच खोलीत उभी होते. त्याने बॅग होयबाकडे दिली, आणि त्याला आत जायला सांगितलं. मग बाकाकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, परीक्षेचा निकाल बघावा तसं. आणि सरळ भिंतीकडच्या टोकाशी जाऊन बसला. पाय पसरले. हुश्श केलं.

"आई, पाहिलंस?"

"पाहिलं."

"ते वाक्य घालायला किती झगडावं लागलं, तुला कल्पना नाही. काही जणांना तेही नको होतं. शेवटी पटवलं. एकमताने घेतलं."

"तिची साक्ष?"

"गरजच पडली नाही. उगीच सगळं उकरण्यापेक्षा, पुढे असं होणार नाही एवढं झालं ना?" तो हसला. माझ्या लहानग्याचं हसू होतं ते, मला ते ओळखता येतं. "आणि आई, ती गेली. मघाशी दारातून बघितलं. आता बसलोय, तरी काही नाही. कुणीच नाही इथे. सुटलो गं."

असं म्हणून त्याने शेजारच्या, भिंतीलगतच्या लाकडावर तळहात थोपटला.

मी तिथेच बघत होते. त्याच्या हाताखाली लाकूड नव्हतं. पांढरं कापड होतं, त्यावर घड्यांचे चौकोन, आणि एक टोक त्याच्या मांडीखाली दाबलं गेलं होतं. ते टोक कोणीतरी हळू हळू ओढत होतं. जोर न लावता. मोठा माणूस आपल्या वस्तूवर बसला की गरीब माणूस ओढतो तसं, त्याला कळू नये म्हणून. मग मी नजर वर नेली, आणि तीही दिसली. भिंतीला टेकली होती. पोरगीच होती ती, कोणी तिला बाई म्हणण्याआधीच आई झालेली. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. आत जायच्या दाराकडेही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

माझे हात गार पडले नाहीत, काही नाही. मला फक्त फार म्हातारं वाटलं.

"आई? काय झालं?"

"सरक," मी म्हणाले.

"कुठे?"

"इकडे, माझ्या बाजूला. तिच्या चादरीवर बसलायस."

तो ताडकन उठला. बाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याला खरंच काही दिसत नव्हतं. त्याच्या तोंडावर तोच जुना घाबरटपणा परत आला आणि त्यामागे लगेच दुसरं काहीतरी आलं, मला समजावण्याची तयारी. राजकारणी माणसाची. "आई, तू दमलीयस. आपण डॉक्टरांना..."

"गप्प बस. आता मी बोलते. ती गेली नाही. तिने तुझा नाद सोडला, एवढंच झालंय. तुझ्याकडून काही होणार नाही हे तिला कळलं, म्हणून ती तुला दिसत नाही. याला सुटणं म्हणत नाहीत. बाकावर बसलेल्या त्या नर्सला एकदा समितीबाहेर ताटकळवलंस, मग शब्द देऊन परत ताटकळवलंस, आणि वर वाक्य वाचलंस, काळजी घ्यावी म्हणून. खुशाल मंत्री हो. मी तुझ्या शपथेला येईन, पुढच्या रांगेत बसेन, सुनेने दिलेले कपडे घालीन, कारण आई आहे मी तुझी. पण निवडणूक आली की तू माझ्या दारात मत मागायला येऊ नकोस. माझं मत तुला नाही. या निवडणुकीला नाही, पुढच्या नाही, मी असेपर्यंत नाही. आणि कोणी मला कारण विचारलं ना, तर मी सांगेन. मला विचारायला समिती लागत नाही."